सोडा-व्हिनेगरचा फुगा फुगतो, उडत नाही

‘बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खाण्याचा सोडा. फुगा बाटलीच्या तोंडावर चढवून उपडा करा, फुगला की गाठ मारा, थेट छताला लागेल!’ हा दावा कारणांसकट फिरतोय. फुगा फुगतो इतकंच त्यात खरं.

‘वायू हलकाच असतो.’ कशापेक्षा? 20 अंश सेल्सिअसला लिटरभर हवा भरते साधारण 1.2 ग्रॅम, हेलियम 0.17 ग्रॅम आणि इथे तयार होणारा कार्बन डायऑक्साइड 1.84 ग्रॅम. फुगा जेवढी हवा बाजूला सारतो, तिच्या वजनाइतकाच जोर त्याला वर मिळतो. रबर आणि आतला वायू मिळून त्याहून हलके असतील तरच तो उठणार. इथे एकटा वायूच जड.

‘बुडबुडे वर येतातच की.’ येतात, कारण भोवती पाणी असतं. त्याचा लिटर हजार ग्रॅमचा.

‘सोडा वाढवा.’ 5 टक्क्यांच्या 100 मिलिलिटर व्हिनेगरला 7 ग्रॅम सोडा पुरतो आणि वायू मिळतो फार तर 2 लिटर. आम्ल संपलं की जादा सोडा नुसता उरतो. व्हिनेगरही वाढवलंत तर फुगा मोठा होईल, पण लिटरमागे 0.64 ग्रॅमने आणखी जड.

‘फुगा बाटलीवर ताठ उभा राहतो.’ हे मात्र फसवं आहे. आतल्या दाबाने रबर ताणलेलं असतं आणि मान बाटलीने धरून ठेवलेली असते. मान पिळून फुगा काढा, हात सोडा. खाली.

0.1 ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर गाठीऐवजी चिमटा लावा, फुगा तोला, मग वायू सोडून चिमट्यासकट पुन्हा तोला. आत चिकटलेला सोडा आणि ओल दोन्ही वेळा तीच असल्याने फरक फक्त वायूचा. बाजूला सारलेल्या हवेचा जोर वजा जाऊन 2 लिटरला तो 2 × 0.64, म्हणजे 1.3 ग्रॅमच्या आसपास यायला हवा. बराच कमी आला तर बाटली मोठी होती: वायूच्या आधी तिच्यातली हवाच फुग्यात शिरते. फुग्याऐवजी झाकण लावून बाटली हलवण्याचा प्रयोग मात्र नको, दाबाने ती फुटू शकते.