प्रतिष्ठित इसम

मतदानाच्या दिवशी आमच्या गल्लीतला उत्साह बघावा. १३ मे २०२४ ला जळगाव मतदारसंघात लोकसभेचं मतदान झालं, म्हणजे ऐन खान्देशी मे महिन्यात. तरी माणसं डोक्याला उपरणं गुंडाळून रांगेत उभी होती, आणि घरी पोचायच्या आत डाव्या तर्जनीवरच्या शाईचा फोटो सगळ्या ग्रुपांवर पडलेला. नागरिकाचं आणखी एक काम असतं. त्याला ना शाई, ना फोटो, ना सुट्टी. ते म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्याला साक्षीदार, म्हणजे पंच होणं.

अमळनेर तालुक्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. चौकात पोलिसांची गाडी थांबली की समोरचा पार अर्ध्या मिनिटात रिकामा होतो. दहा मिनिटांपूर्वी हीच मंडळी टीव्हीवरच्या खटल्यात कुणाला फाशी द्यायची ते एकमताने ठरवत असतात! १९५९ च्या नानावटी खून खटल्यात नऊ ज्युरींपैकी, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या साध्या नागरिकांपैकी, आठ जण 'दोषी नाही' म्हणाले, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. पुढे आपल्याकडची ज्युरीच गेली, याची पारावर फार हळहळ आहे. पण साधा पंचनामा म्हटला की एकाला बस गाठायची असते, दुसरा म्हणतो, "मन्हा पोटमा दुखस, भाऊ." उरतो मी. उघडं दुकान टाकून पळणार कुठे?

झडतीला त्याच भागातले दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हवेत, असं कायदा सांगतो. लेखी आदेश असताना विनाकारण नकार दिला तर तोही गुन्हा. मला आजवर प्रतिष्ठित म्हणणारा कायदा हा एकटाच, बायकोचं मत वेगळं आहे.

पहिल्या वेळी विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती. संशयिताच्या घरामागे पऱ्हाट्यांचा ढीग होता, त्याखाली ती सापडली. मग हवालदारसाहेब खाटेवर बसून लिहू लागले. पूर्वेस बोळ, पश्चिमेस गोठा. दक्षिणेला फक्त एक म्हैस होती. ती मध्येच उठून उत्तरेला गेली आणि चतुःसीमा पुन्हा लिहावी लागली. सोबतचा पंच चहावाला. त्यालाही टपरी सोडून पळता येत नाही. प्रतिष्ठा अशी शटरवाल्यांच्याच गळ्यात का पडते, हे मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "आप्पा, इथे सही करा."

मोटर विसरून गेलो, तेव्हा समन्स आलं. आरोपीचे वकील उलटतपासात म्हणाले, "ढीग दाराच्या डाव्या बाजूला होता की उजव्या?"

"आत जाताना की बाहेर येताना?" मी विचारलं.

न्यायाधीश महाराजांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. वकिलांनी पाणी मागितलं. त्या दिवशी दुकान बंद राहिलं ते राहिलंच, वर पारावरची मंडळी संध्याकाळी विचारायला हजर. "काय आप्पा, सोडलं का त्याला? आम्ही असतो तर..."

परवा पुन्हा गाडी थांबली. पार रिकामा. हवालदार नवा, तरणा होता. "आप्पा, आता नवा कायदा आहे," तो म्हणाला. "१ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं मोबाईलवर शूटिंग करावं लागतं. डावं-उजवं तुम्हाला लक्षात ठेवायला नको."

मी ड्रॉवरमधला कंगवा काढला.