लॅपटॉप माझा, रुबाब यांचा

कोण म्हणालं रे, एका लॅपटॉपवर तीन ऑपरेटिंग सिस्टिम सुखानं नांदतात? पाठवा त्याला नौपाड्यात, माझ्या दुकानात. आधी चहा पाजतो, मग हाच लॅपटॉप त्याच्या डोक्यात घालतो.

विंडोज मला लागतंच. लग्नपत्रिका कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात आणि ते लिनक्सवर चालत नाही. उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, संध्याकाळच्या प्रोग्रामिंगच्या क्लाससाठी. आणि डेबियन, लिनक्सचाच दुसरा अवतार... ती माझी स्वतःची खाज, तिचा दोष कुणाला देत नाही. व्हर्च्युअल मशीन वापर, म्हणजे एका सिस्टिमच्या पोटात दुसरी चालव, म्हणणाऱ्यांनी आधी माझी 8 जीबी रॅम बघावी आणि गप्प बसावं.

पहिली बोंब जागेची. 512 जीबीचा एसएसडी, निम्म्याहून जास्त रिकामा. लिनक्सला जागा द्यायला विंडोजचा सी ड्राइव्ह श्रिंक, म्हणजे लहान, करायला गेलो तर म्हणे 19 जीबीच मिळतील. का, तर हलवता न येणारी कुठलीशी फाईल पार टोकाला जाऊन बसलीय. सोसायटीच्या गेटात स्कूटर आडवी लावून मालक गावाला गेल्यासारखं. विंडोजच्या असल्या फाईली हटवायला हायबरनेशन बंद केलं, पेजफाईल काढली, रिस्टार्ट मारला, तेव्हा कुठे 200 जीबी सुटले.

मग खरा तमाशा. एका व्हिडिओत सांगितलं म्हणून सिक्युअर बूट, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाचा पहारेकरी, बंद केलं, पेनड्राइव्हवरून उबंटू टाकलं. झकास चाललं. रात्री एक वाजता विंडोज उघडायला गेलो तर समोर निळा पडदा: बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की टाका. 48 आकडे! सहा-सहाचे आठ गट. अरे, पण कुलूप लावलं कोणी? मी तर नाही. नव्या लॅपटॉपवर ऑनलाइन खात्यानं साइन-इन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. आणि खातं कुणाचं? लॅपटॉप घेतला त्या दुकानातल्या पोराचं! ‘काका, सेटअप मीच करून देतो’ म्हणाला होता. केवढा गोड वाटला होता तेव्हा.

सकाळी साडेदहाला त्यानं फोन उचलला. मागे रिक्षांचे हॉर्न, आणि हा जोड्या-जोड्यांनी आकडे सांगतोय. एकोणसाठ की एकोणसत्तर? त्रेपन्न की त्रेसष्ट? पाचव्या गटाला स्क्रीन म्हणाली चूक. पुन्हा सांग. पुन्हा चूक. शेवटी म्हटलं, बाबा, फोटो काढून पाठव! हे आधी का सुचलं नाही ते विचारू नका.

एवढं होऊनही डेबियन टाकलंच. तर लॅपटॉप सुरू होताना कोणती सिस्टिम हवी ते विचारणाऱ्या मेनूत एकटा डेबियनच. विंडोज गायब, उबंटू गायब. हा मेनू दाखवणाऱ्या ग्रबच्या 2.06 आवृत्तीपासून, म्हणजे 2021 पासून, शेजारी कोण राहतं ते बघणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलाय. सुरक्षेसाठी म्हणे. तो चालू करायचा तर फाईलमध्ये लिहायचं, ‘बंद करणे: खोटं’. सरळ ‘चालू’ लिहायला काय पैसे पडतात? आणि यात विंडोजवाले धुतल्या तांदळाचे नाहीत. 2024 च्या ऑगस्टमधल्या त्यांच्या एका अपडेटनं कितीतरी जणांचं लिनक्स बूट होणंच बंद झालं होतं. जो तो घर आपल्याच बापाचं असल्यासारखा वागतो, आणि हप्ते कोण भरतंय? मी!

आता तिन्ही चालतात. फक्त वेळ कुणाची कुणाशी जुळत नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा. एका कमांडनं मिटतं, माहीत आहे. पण ती उबंटूत दिली आणि डेबियनमध्ये विसरलो, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

काल मुलीकडचे पत्रिकेचं प्रूफ बघायला आले. मुहूर्त दुपारी 12 वाजून 32 मिनिटांचा. त्यांच्यातले एक काका चष्मा पुसत स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. बाहेर टळटळीत दुपार, आणि लॅपटॉपवर सकाळचे सात. ‘घड्याळ बंद पडलंय का हो?’ त्यांनी विचारलं, आणि मुहूर्ताचे आकडे बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.