‘पाप ते पाप’ म्हणे!

पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲपवर एक मजकूर सारखा फिरतो: ‘देवापुढे सगळी पापं सारखीच. लहान-मोठं ही रोमन चर्चनं केलेली वाटणी. पाहा बायबलमधलं याकोबाचं पत्र, 2:10.’

आधी तेच वचन घेऊ. सगळं नियमशास्त्र (देवानं मोशेला दिलेले नियम) पाळून एका बाबतीत चुकला तो सर्वांविषयी दोषी, असं तिथं आहे खरं. पण नो एंट्रीत घुसणारा आणि माणसाला उडवणारा दोघंही कायदा मोडतात, म्हणून दोघांना एकच कलम लागत नाही. शिवाय तो अध्याय वरून वाचा. सभेत सोन्याची अंगठीवाल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तू तिथं उभा राहा’ म्हणणाऱ्यांना याकोब हे सुनावतोय. मजकूर पाठवणारे नेमकी ती अंगठी गाळतात.

वाटणी रोमची? जुन्या करारातलं लेवीय 4 उघडा. अजाणता पाप घडलं, तर अर्पण म्हणून याजकाला (पुरोहिताला) गोऱ्हा, अधिपतीला बकरा, सामान्य माणसाला बकरी किंवा कोकरी. त्याहून बोलकं आहे ते रक्त कुठवर न्यायचं हे. सामान्य माणसाचं आणि अधिपतीचंही बाहेरच्या होमवेदीच्या शिंगांना लावायचं. याजकाचं मात्र थेट आत न्यायचं, पवित्रस्थानाच्या पडद्यासमोर सात वेळा शिंपडायचं आणि धूपवेदीच्या शिंगांना लावायचं. ज्याचा अधिकार मोठा, त्याची घाण तितकी आत पोचते. आणि जाणूनबुजून, उद्दामपणे केलेल्या पापाला गणना 15:30 मध्ये अर्पणच नाही!

येशूबद्दल फार बोलायला नको. ‘ज्यानं मला तुझ्या हाती दिलं त्याचं पाप अधिक’ हे तो रोमन सुभेदार पिलाताला सांगतो (योहान 19:11). पुदिना, शेप, जिऱ्याचा दशांश मोजून न्याय आणि दया सोडणाऱ्यांना झापतो, ते मत्तय 23:23 मध्ये.

कॅथलिक शिकवणीत पाप प्राणघातक (म्हणजे आत्म्याला मारक) ठरायला तीन अटी लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव, स्वेच्छेची संमती. एक जरी नसली तरी ते प्राणघातक ठरत नाही. पण 1647 ची वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरी तर पक्की प्रॉटेस्टंट. ‘सगळी पापं सारखीच घोर का?’ हाच तिचा 83 वा प्रश्न आहे, आणि उत्तर: काही पापं देवाच्या दृष्टीनं इतरांहून अधिक घोर. पुढच्याच उत्तरात प्रत्येक पाप देवाच्या क्रोधाला पात्र, हेही आहे. दोन्ही एका दमात मान्य करता येतं.

गडबड होते ती डोळ्याला दिसेल तेवढंच मोजल्यानं. दारू, विडी वर. हुंडा, जात, चहाडी खाली. रोम 1:29-30 मध्ये चहाडखोर खुनाच्या शेजारीच बसलेत. पुण्याला हा रोग जुनाच म्हणा. 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक-रानड्यांनी घेतलेल्या चहावरून प्रायश्चित्तापर्यंत गेलं होतं प्रकरण, तेही हिंदूंमध्ये.

मंडळीच्या निधीत खड्डा पडला की ‘सगळेच पापी’ हा मजकूर हमखास पुन्हा येतो. त्यावर लेवीय 6:5 पाठवावं: मूळ रक्कम परत, वर पाचवा हिस्सा. म्हणजे एक लाखाचे एक लाख वीस हजार.