आठवड्यातून एकदाच, आणि तेही चढावर

मॅरेथॉनच्या तयारीत आठवड्यातून तीनदा वेगाचा सराव करा, हा एका लेखात वाचलेला सल्ला नवख्यांसाठी मला धोक्याचा वाटतो. एकदा पुरे. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या असंख्य वेगवान फेऱ्या मारायचा आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं जिंकली, हे खरंच. पण त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत होती.

मी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात मिनिटभर जोरात चढते, चालत खाली येते, असं आठ वेळा. चढावर पाय कमी आदळतात, दम मात्र पुरेपूर लागतो. दुसऱ्या दिवशी गप्पा मारता येतील इतकंच हळू पळा, कृपया. गेल्या वर्षी या हळू पळण्याच्या दिवशीच घाई केली आणि पोटरीच्या दुखण्यात माझे सहा आठवडे गेले.