अमाल्फीला जाताय? मग पोझितानो सोडा आणि रावेलोहून पायी उतरा

इटलीतला अमाल्फीचा किनारा 'करून' आलेल्या मंडळींचे फोटो बघा. सगळे पोझितानोचे. तीच डोंगराला चिकटलेली रंगीत घरं, तीच स्ट्रॉ हॅट. आपल्या टूरवाल्यांचा कार्यक्रमही ठरलेला: पोझितानोला पाऊण तास, अमाल्फीत जेवण, वेळ उरला तर रावेलो. वेळ काही उरत नाही, कारण कड्याच्या पोटातून जाणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर दोन बस समोरासमोर आल्या की एक मागे घेण्यातच दिवस जातो.

माझं म्हणणं, पोझितानो सरळ गाळा. सालेर्नोहून बोटीनं अमाल्फीला या. त्या शांत गावाचा एकेकाळी भूमध्य समुद्रावर दरारा होता. कॅथेड्रलचे ब्राँझचे दरवाजे अकराव्या शतकात थेट कॉन्स्टँटिनोपलहून घडवून आणलेत, यावरून तेव्हाचा पैसा कळतो. पुढे १३४३ च्या वादळानं बंदराचा बराच भाग गिळला आणि ते वैभव पुन्हा आलंच नाही. पायऱ्यांवर बसून कॉफी प्या आणि निघा.

मग बसनं वर रावेलो. समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरवर. व्हिला रुफोलोची बाग बघून १८८० मध्ये जर्मन संगीतकार वाग्नरला आपल्या ऑपेरातली जादूगाराची बाग सापडली. तिथे उन्हाळ्यात दरीवर अधांतरी मंच बांधून मैफली होतात. (तिकिटं महाग आहेत, आधीच सांगतो.)

पण खरा किनारा दिसतो तो रावेलोहून मिनोरीला पायी उतरताना. रस्ता होण्याआधी लोक याच पायऱ्यांनी आणि खेचरांच्या वाटांनी ये-जा करत. दोन्ही बाजूंना लिंबाच्या बागा, चेस्टनटच्या खांबांवर चढवलेल्या, थंडीत वरून जाळी. लिंबं लांबट, टोकदार, तळहाताएवढी. साल इतकी जाड की तिथे लिंबाच्या फोडी सालीसकट खातात. आणि हे सगळं उभं आहे ते चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांवर, आपल्या कोकणातल्या गडग्यांसारख्या. जवळ जाऊन बघा, मोठ्या दगडांच्या फटींत लहान चिपा ठोकून बसवलेल्या असतात. पाणी झिरपतं, माती राहते. एकेकाळी इथून लिंबांच्या जड टोपल्या पाठीवर घेऊन बायका किनाऱ्यापर्यंत उतरवत.

आता तरुणांना हॉटेलात पगार मिळतो. बांध कोण रचणार? पडलेल्या बांधामागची माती पावसात खाली येते. शेजारच्या आत्रानीत सप्टेंबर २०१० मध्ये द्रागोने ओढ्याला पूर आला आणि चिखल आणि गाड्या गावातून थेट समुद्रात गेल्या. त्या पुराला कारणं बरीच असतील, पण मोकळे पडलेले उतार हे इथलं जुनं दुखणं आहे. १९९७ मध्ये युनेस्कोनं या किनाऱ्याला जागतिक वारशात घेतलं, तेही केवळ रंगीत घरांसाठी नाही, या बागांसाठीसुद्धा. म्हणून मला राग येतो, की आपण लिमोनचेल्लोची, म्हणजे तिथल्या लिंबाच्या मद्याची, बाटली आणतो आणि ज्या बागेतून ती येते तिच्याकडे बसच्या खिडकीतूनही बघत नाही.

खाली मिनोरीत रोमन काळातला व्हिला आहे, गर्दी फारशी नसते.

गुडघे कुरकुरत असतील तर उतरायलाही बस आहे. तिकीट मात्र चढण्याआधी तंबाखूच्या दुकानातून घ्या, ड्रायव्हरकडे मिळेलच असं नाही.