मोबाइलचं कव्हर, चुंबकीय तिकीट आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार. स्टेशनच्या गेटमध्ये न चालणाऱ्या चुंबकीय तिकिटांवरच्या (म्हणजे ज्यांच्यावरच्या चुंबकीय पट्टीत प्रवासाची माहिती लिहिलेली असते आणि गेट ती वाचतं) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "मोबाइलमुळे तिकीट खराब होतं ही अडाणी समजूत आहे आणि तुमच्यासारखे अर्धवट लोक ती पसरवतात." पुढे म्हणता, तिकीट छापणारं यंत्रच पुष्कळदा पट्टीवर नीट लिहीत नाही, ते मी सांगितलं नाही; आणि क्यूआरच्या काळात हे सगळं हवंय कशाला?

मतभेदाला माझी ना नाही. पण 'अर्धवट' हा शब्द मला लागला. जो माणूस वेळ काढून, कुणाचं तरी काम अडू नये म्हणून लिहितो, त्याच्याशी असं बोलायचं? मुद्दा खोडायला तो शब्द लागत नव्हता. इथे लोक एकमेकांशी नीट बोलतात, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं.

एक गोष्ट मान्य करतो. शीर्षकात मी नुसतं 'मोबाइल' म्हटलं, तिथे 'चुंबक असलेलं मोबाइलचं कव्हर' जास्त नेमकं झालं असतं. पण मोबाइलच्या लहरींनी पट्टी पुसली जात नाही, हे मी दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. तिथवर वाचलंत का, हा माझा सरळ प्रश्न आहे.

पट्टी पुसतं ते चुंबक. पट्टी चुंबकापुढे किती तग धरते ते ओर्स्टेड या एककात मोजतात. बँकेच्या कार्डावरची पट्टी सहसा २७५० ओर्स्टेड किंवा त्याहून वरची असते, म्हणून ती सहजासहजी बिघडत नाही. कागदी तिकिटांवर बहुधा ३०० ओर्स्टेडच्या आसपासची, म्हणजे फारच नाजूक पट्टी असते. कव्हरच्या झडपेत किंवा पर्सच्या बटणात असतो तो निओडिमियमचा (फार जोरदार जातीचा) बारीक चुंबक तिला अगदी खेटून असला तर तिच्यावर लिहिलेलं पुसायला पुरेसा होतो. अंतर वाढलं की त्याचा जोर झपाट्याने कमी होतो. म्हणून त्याच पर्सच्या दुसऱ्या कप्प्यातलं तिकीट शाबूत राहतं आणि कव्हरच्या खिशातलं जातं. २०२० मध्ये आयफोन १२ च्या पाठीत चुंबकांचं कडं आलं, तेव्हापासून अ‍ॅपलच सांगते की चुंबकीय पट्टीची कार्डं फोन आणि चार्जर यांच्यामध्ये ठेवू नका. त्यांनाही अर्धवट म्हणणार का?

आणि हे मी ऐकीव लिहीत नाही. माझ्या नोकरीचा मोठा काळ अशाच गेटांच्या देखभालीत गेला. झाकण उघडलं की तिकीट ओढून नेणारे रबरी पट्टे दिसतात, त्यांच्या मधे वाचणारं हेड, आणि हेडच्या कडेला साचलेली तपकिरी पूड. कागदाची आणि पट्टीची. ती तिकीट आणि हेड यांच्यात केसभर फट पाडते आणि वाचन बिघडायला तेवढं पुरतं. म्हणून मी लिहिलं होतं की आधी दोष कुणाचा ते बघा. तेच तिकीट शेजारच्या गेटात चाललं तर पहिलं गेट तपासायला हवं. कुठेच चाललं नाही आणि बाकीच्यांची चालतायत, तर पट्टी गेली, तिकीट बदलून घ्या. गेटने वाचलं, पण तारीख, वेळ किंवा स्टेशन जुळेना म्हणून नाकारलं, तर पट्टी कितीही स्वच्छ करा, उपयोग शून्य. गेटच्या पडद्यावरचा संकेत हा फरक सांगतो. कर्मचारी मात्र तो न बघता बाजूचं फाटक उघडून माणसाला सोडून देतात, आणि मागून येणारा पुन्हा तिथेच अडकतो. लेखात मला हेच सांगायचं होतं. त्यावर तुम्ही अवाक्षरही काढलेलं नाही.

छपाई यंत्राचा विषय वेगळा आहे, त्यात आत्ता शिरत नाही. क्यूआरचं म्हणाल, तर ज्याच्या हातात आज चुंबकीय तिकीट आहे त्याला आजच पलीकडे जायचंय. त्याला भविष्य सांगून गाडी मिळणार नाही.

तुमचं तिकीट कधी अडकलं असेल तर पडद्यावर काय आलं, शेजारच्या गेटात काय झालं, ते लिहा. मी नक्की उत्तर देईन. 'अर्धवट' पुन्हा दिसलं, तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.