अक्षरी रुपये फक्त

एक्सेलमध्ये बाथटेक्स्ट नावाचा एक फॉर्म्युला आहे. कोणत्याही सेलमधली संख्या त्याच्या हवाली केली, की तो ती रक्कम थाई भाषेत, थाई लिपीत आणि शेवटी थाई चलनाचे नाव जोडून अक्षरी लिहून देतो. बँकॉकमधल्या खजिनदारांची ही चैन पाहून ठाण्यातल्या खजिनदाराच्या जिवाचे काय होत असेल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. कारण रुपये अक्षरी लिहिणारा फॉर्म्युला त्याच एक्सेलमध्ये नाही. नौपाड्यातल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या प्रत्येक बिलावर ‘अक्षरी रुपये’ अशी ओळ असते आणि ती रिकामी राहिली तर बिल मिळालेच नाही असे मानणारे सभासद आमच्याकडे आहेत. ही ओळ मी दरमहा प्रत्येक सदनिकेसाठी हाताने टंकित करीत असे. शेवटी सचिवबाईंनाच माझी दया आली आणि त्या म्हणाल्या, “अहो, त्यासाठी ॲड-इन मिळतं म्हणे, एक्सेलला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम. फुकट असतं.”

फुकट हा शब्द कार्यकारिणीच्या सभेत उच्चारला गेला, की ठराव सर्वानुमते मंजूर होतो.

ॲड-इन बसवण्याची रीत ऐकायला सोपी आहे. फाइल, मग ऑप्शन्स, मग ॲड-इन्स, मग अगदी तळाशी ‘मॅनेज’ अशी एक चौकट आणि तिच्या शेजारी ‘गो’ नावाचे बटण, जे दाबल्यावर एक छोटी यादी उघडते. त्या यादीत काही मंडळी आधीपासूनच बसलेली असतात. त्यांतल्या सॉल्व्हरचे काम असे, की सर्व अटी सांभाळून सर्वांत चांगले उत्तर शोधायचे. आमच्या वाहनतळाचा प्रश्न त्याला घातला, तर तो ‘व्यवहार्य उत्तर सापडले नाही’ असा निरोप क्षणात देईल याबद्दल मला शंका नाही. आमची वार्षिक सर्वसाधारण सभा हाच निष्कर्ष काढायला अख्खा रविवार घेते.

मी उतरवून घेतलेली फाइल त्या यादीत आली, तिच्यासमोर बरोबरची खूणही उमटली आणि तरीही वरच्या पट्टीत तिचे एकही बटण दिसेना. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारते आणि तो शिक्का पाहिला, की एक्सेल तिच्यातले मॅक्रो, म्हणजे आपोआप काम उरकणाऱ्या आज्ञा, चालू देत नाही. आमच्या फाटकावरचा वॉचमन निदान “कोणाकडे जायचंय?” एवढे विचारतो, इथे पाहुण्याला सन्मानाने आत घेऊन जिन्याखाली बसवून ठेवतात आणि यजमानाला कळवतही नाहीत. अर्थात या संशयाला कारण आहे. १९९९ साली मेलिसा नावाच्या व्हायरसने वर्डच्या मॅक्रोमधूनच जगभरच्या कार्यालयांतल्या ईमेलची दाणादाण उडवली होती आणि २०२२ पासून तर इंटरनेटवरून आलेले मॅक्रो मुळातच अडवले जातात. उपाय म्हणजे फाइलवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज आणि खालच्या कोपऱ्यात ‘अनब्लॉक’ नावाची, चश्मा बदलल्याशिवाय न दिसणारी चौकट. हे मला भाच्याने फोनवरून सांगितले, रबाळ्याहून ठाण्याकडे येणाऱ्या लोकलमध्ये दारात उभे राहून. त्यामुळे “मामा, ते अनब्लॉक कर” हे वाक्य सगळ्या डब्याने ऐकले असावे.

बटणे उगवली, पण भाराभर. आम्हाला हवे होते एक आणि आले चार ओळी भरून. कार्यकारिणीच्या अध्यक्षांनी कुतूहलाने ‘रिकाम्या ओळी काढा’ असे एक बटण दाबले. आमच्या तक्त्यात ए विंग आणि बी विंग यांच्यामध्ये सलोखा राहावा म्हणून जाणीवपूर्वक सोडलेल्या रिकाम्या ओळी होत्या. त्या गेल्या आणि दोन्ही विंगा एकमेकींना चिकटल्या. मी तत्परतेने कंट्रोल-झेड दाबले, तर काहीच मागे फिरेना. मॅक्रोने तक्त्यात बदल केला, की त्याआधीच्या सगळ्या कृतींची एक्सेलची आठवण पुसली जाते, हे ज्ञान सहसा याच क्षणी होते.

खरा घोळ मात्र अक्षरांचा झाला. हे ॲड-इन परदेशात तयार झालेले होते आणि त्याला लाख ठाऊक नव्हते. संस्थेच्या मुदतठेवीचे बारा लाख रुपये त्याने ‘वन मिलियन टू हंड्रेड थाउजंड’ असे लिहिले. तो कागद सूचनाफलकावर लागल्यावर एका ज्येष्ठ सभासदाने, एवढा पैसा असताना गच्चीची गळती का थांबत नाही, अशी लेखी विचारणा केली.

तेव्हा भाच्याने स्वतःच मराठी ॲड-इन लिहून देण्याचे पत्करले. मॅक्रो लिहिण्याची व्हीबीए ही भाषा एक्सेलमध्ये १९९३ पासून आहे, त्यामुळे हे तासाभराचे काम आहे, असे तो म्हणाला. इंग्रजीसाठी ते खरेही असेल, कारण तिथे वीसच्या पुढे दशकाला एकक जोडत गेले की काम भागते. मराठीत मात्र पहिल्या शंभरातले प्रत्येक नाव वेगळे शिकवावे लागते. एकोणवीस ते एकोणनव्वद असा नियम बसतो आहे असे वाटून तो निश्चिंत झाला, तोच नव्याण्णव आडवे आले. अखेर त्याने नावांची यादी माझ्या बहिणीकडून, म्हणजे त्याच्या आईकडून, तपासून घेतली. कोपरीच्या शाळेत तिने वर्षानुवर्षे पाढे घोकून घेतले आहेत, हे त्या दिवशी कामी आले.

हे ॲड-इन माझ्या लॅपटॉपवर देखणे चालले. मग मी फाइल सचिवबाईंना पाठवली आणि त्यांच्या पडद्यावर प्रत्येक सभासदाच्या नावापुढे ‘अक्षरी रुपये #नेम?’ असे उमटले, म्हणजे या नावाचा फॉर्म्युला मला ठाऊक नाही, असे एक्सेलचे म्हणणे. ॲड-इन फाइलबरोबर जात नाही. ते ज्या संगणकात बसवले, त्या संगणकाचेच राहते, ही गोष्ट कोणत्याही मार्गदर्शनात ठळक अक्षरांत लिहायला हवी. फॉर्म्युल्यात तर त्याचा पूर्ण पत्ताच उघडा पडला होता: सी ड्राइव्ह, युजर्स, चिमणी, ॲपडेटा, रोमिंग आणि पुढे बरेच काही. लॅपटॉप मुळात मुलीचा असल्यामुळे ‘चिमणी’. सचिवबाईंनी आदबीने विचारले, “ही चिमणी कोण?”

त्यांच्या जुन्या संगणकावर तेच ॲड-इन बसवण्यापेक्षा, फॉर्म्युले काढून नुसती अक्षरे चिकटवून पाठवावीत, असा मध्यम मार्ग निघाला. त्याने सर्व काही सुरळीत झाले असते. पण दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाच्या बिलात सचिवबाईंनी दुसऱ्या गाडीचे ३०० रुपये नंतर वाढवले. आकडा ५,१७९ झाला आणि अक्षरे चार हजार आठशे एकोणऐंशीच राहिली. हे सभासद बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी ४,८७९ रुपयांचा धनादेश आणि सोबत पत्र पाठवले, की १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे आकडा आणि अक्षरे यांत फरक असल्यास अक्षरी रक्कमच ग्राह्य धरली जाते. ते कलम धनादेश, हुंडी, वचनचिठ्ठी यांच्यासाठी आहे, देखभाल शुल्काच्या बिलासाठी नाही, असे उत्तर आम्ही दिले. त्यावर त्यांचे दुसरे पत्र आले, ते पहिल्यापेक्षा लांब होते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येते. ३०० रुपयांवर ते महिन्याला सव्वापाच रुपये होते आणि पुढच्या बिलात ते लावावे, असा ठराव झाला आहे. मात्र भाच्याने लिहिलेल्या ॲड-इनमध्ये पैशांची सोय नसल्याने ते २५ पैसे अक्षरी कसे दाखवावेत, हा विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्यात आला आहे.